आमदार बाबासाहेब : सभागृहातील बारा वर्षे

१

मोहन्यात चौदा एप्रिलच्या आसपास व्याख्यान होते. वस्तीतीलच असल्याने आणि महाविद्यालयात शिकवीत असल्याने अधूनमधून माझी पाळी येते. असेच एकदा मी 'लोकप्रतिनिधी बाबासाहेब' हा विषय घेतला होता. बोलून संपल्यावर वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, बाबासाहेब इतकी वर्षे मुंबईच्या कायदेमंडळात होते, तर त्यांनी स्वतः मांडलेली किती बिले पास झाली?"

मी खरे ते सांगितले. म्हटले, "महत्त्वाचे एकही नाही."

सभा एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेत कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते थोड्या वेळाने म्हणाले, "मग मास्तर, आमदार होऊन उपयोग काय झाला?"

त्या दिवशी मी जे उत्तर दिले, त्याने माझेच समाधान झाले नाही. घटनाकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत, महाडचे बाबासाहेब ठाऊक आहेत, दीक्षाभूमीवरचे बाबासाहेब तर आपल्या श्वासात आहेत. परंतु १९२७ ते १९३९ या काळात मुंबईच्या कायदेमंडळात बसून अंदाजपत्रकाचे आकडे तपासणारे, विधेयके लिहिणारे, हरणारे आणि पुन्हा उभे राहणारे बाबासाहेब आपल्या बोलण्यात क्वचितच येतात. त्यांची ही भाषणे वसंत मून यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या खंडात आहेत. खंड इंग्रजीत आहे. जयंतीला तो हार घालून टेबलावर ठेवलेला असतो, उघडलेला मात्र क्वचित दिसतो.

आमदार म्हणजे काय, त्याने काय करावयाचे असते आणि आपण त्याला कशाचा जाब विचारावयाचा असतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर आपल्या घरातले हेच उदाहरण आधी नीट पाहिले पाहिजे.

२

प्रथम ते कायदेमंडळात गेले कसे, ते पाहू. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळांत निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढली; पण मताचा अधिकार मालमत्ता, सारा आणि कर यांवर ठरत असे. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याच्या घराला किंमत नाही, त्याला मत नाही. म्हणजे अस्पृश्य समाज मतदारयादीत जवळजवळ नव्हताच. म्हणून त्याच्यासाठी सरकारनियुक्त सभासदांची सोय ठेवलेली होती. मुंबई कायदे कौन्सिलात शंभराहून अधिक सभासद. त्यांत १९२७ साली अस्पृश्यांच्या वतीने दोन. एक डॉ. आंबेडकर आणि दुसरे डॉ. पुरुषोत्तम सोळंकी.

नियुक्त सभासद म्हणजे गव्हर्नरच्या मर्जीने आलेला माणूस. त्याने हात वर करावा, सरकारचे आभार मानावे आणि आपल्या समाजासाठी दोन शिष्यवृत्त्या मागून खाली बसावे, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असते. आजही नेमणुकीने आलेल्या माणसांकडून याहून निराळी अपेक्षा कोण ठेवतो? बाबासाहेबांनी काय केले ते तारखांनिशी पाहावे.

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली. २४ फेब्रुवारीला, म्हणजे आठवडा व्हायच्या आत, ते अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले आणि ज्या सरकारने त्यांना नेमले होते त्याच्याच करपद्धतीवर त्यांनी टीका केली. त्यांचा मुद्दा साधा होता. व्यापाऱ्याला किंवा पगारदाराला ठराविक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याची जमीन मात्र कितीही लहान असो, पीक बुडालेले असो, सारा त्याने भरलाच पाहिजे. श्रीमंताला सूट आणि गरिबाला सक्ती, असा हा न्याय. ज्याने दोनच वर्षांपूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला होता, तो पस्तीस वर्षांचा माणूस हे बोलत होता. सभागृहातले आकडे त्याच्यापुढे लपविता येण्यासारखे नव्हते.

१२ मार्चला ते शिक्षणावरील खर्चाविषयी बोलले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी मांडले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी करातून मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. लोकांकडून दारूच्या वाटेने जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. 'आमच्या मुलांना शाळा द्या' ही विनवणी आणि हे बोलणे यांत फरक आहे. येथे दयेची भाषा नाही, जमाखर्चाची भाषा आहे.

आणि त्यानंतर एका आठवड्याने, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला होते.

३

येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपण महाडचा सत्याग्रह सांगतो तेव्हा तो कायदेमंडळापासून तोडून सांगतो. वस्तुस्थिती अशी की, चवदार तळ्याची पायवाट सभागृहातूनच निघाली होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव होता. बोले स्वतः अस्पृश्य नव्हते. भंडारी समाजातून आलेले, ब्राह्मणेतर चळवळीत आणि गिरणी कामगारांत काम केलेले ते गृहस्थ होते. सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण कोणी जाऊ दिले नसते. म्हणून १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या स्थानिक संस्था हे अंमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे.

म्हणजे कागद तयार होता. त्या कागदाला पाण्यापर्यंत नेण्यासाठी माणसे लागली, आणि ती २० मार्चला चालत गेली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठराव १९२३ चा, ओंजळभर पाणी १९२७ चे, न्यायालयाची मोहोर १९३७ ची.

फेब्रुवारी-मार्च १९२७ च्या त्या एका महिन्यात बाबासाहेबांच्या राजकारणाची सगळी रीत दिसते. सभागृहात आकड्यांनी भांडावयाचे, आणि जो हक्क कागदावर मिळालेला आहे तो लोकांना बरोबर घेऊन प्रत्यक्षात वापरावयाचा. या दोहोंपैकी एकानेच भागेल असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्याकडे मात्र पुढे या दोन कामांची वाटणी झाली. मोर्चा काढणारे वेगळे आणि आमदार होणारे वेगळे. मोर्च्यातला माणूस आमदार झाला की मोर्चा विसरतो, आणि राहिलेला मोर्चा सभागृहाला शिव्या देत बसतो.

४

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या विधेयकाकडे वळू. ते महारवतनाचे.

आजच्या विद्यार्थ्याला वतन म्हणजे काय हे सांगावे लागते. गावकामगार म्हणून महारांकडे पिढीजात काम होते. सरकारी टपाल पोहोचविणे, अंमलदारांच्या पुढे धावणे, सारा भरण्यासाठी लोकांना बोलावून आणणे, गावाची राखण करणे, मयताची वार्ता परगावी नेणे. या कामाला वेळ नव्हती. चोवीस तास हाक आली की उठावयाचे. ज्याची पाळी तो घरी नसेल तर त्याच्या बापाने, भावाने, बायकोने जावयाचे. मोबदल्यात थोडी इनाम जमीन, जी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन हातभर उरलेली. आणि खळ्यावर जाऊन मागावयाचे बलुते. बलुते देणे न देणे कुणब्याच्या मनावर. म्हणजे नोकरी सरकारची आणि पगार गावाने भीक घातल्यासारखा. गावाशी भांडण झाले, की पहिले बंद होणार ते बलुते.

माझ्या आजोबांनी येसकराची ही पाळी केलेली होती. पुढे ते गाव सोडून या बाजूला कारखान्यात आले. 'पगाराच्या दिवशी कोणापुढे पदर पसरावा लागत नाही,' एवढेच ते त्या बदलाबद्दल सांगत. वतनाचे अर्थशास्त्र मला त्या एका वाक्यात समजले.

या व्यवस्थेला कायद्याचा आधार होता १८७४ च्या वतन कायद्याचा. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी तो दुरुस्त करणारे विधेयक मांडले. त्याचा गाभा असा : ज्या वतनदाराला ही चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी, आणि त्याने पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवावी. ज्यांना काम करावयाचे आहे त्यांचे बलुते पैशात बांधून द्यावे आणि ते सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावे. कामे कोणती ती ठरवून द्यावीत.

यात क्रांतीची घोषणा नाही. पण ज्याला गावगाडा कळतो त्याला यातला सुरुंग दिसेल. ज्या दिवशी महार 'मी हे काम करीत नाही' असे म्हणू शकेल आणि तरीही त्याची जमीन जाणार नाही, त्या दिवशी गावाचा त्याच्यावरचा हुकूम संपला. महसूल खात्याला हे ताबडतोब कळले. इतक्या स्वस्तात चोवीस तास राबणारी माणसे त्याला दुसरीकडे कोठे मिळणार होती? ऑगस्ट १९२८ मध्ये विधेयकाचे पहिले वाचन होऊन ते प्रवर समितीकडे गेले. तेथे ते अशा रीतीने अडकले की, १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. १९३७ च्या नव्या कायदेमंडळात त्यांनी वतनाचा प्रश्न पुन्हा विधेयकाच्या रूपाने आणला. तेही पार पडले नाही.

आपल्या समाजातही या विधेयकाबद्दल सगळीकडे उत्साह होता असे समजू नये. वतन गेले तर जमीन जाईल, मान जाईल, अशी भीती अनेकांना होती. गुलामीला चिकटलेला जमिनीचा तुकडा हा गुलामीपेक्षाही सोडावयास कठीण असतो. म्हणून सभागृहातल्या भाषणाबरोबर गावोगावच्या सभाही बाबासाहेबांना घ्याव्या लागल्या. प्रतिनिधीने आपल्या लोकांना आवडेल तेच बोलावे, हा त्यांचा मार्ग नव्हता.

कनिष्ठ गावनोकर वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्याने १९५८ साली केला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. बाबासाहेब जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. पहिल्या विधेयकापासून कायद्यापर्यंत तीस वर्षे लागली. तो कायदाही निर्दोष नाही. जमिनी परत मिळाल्या त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. दुर्बलाची जमीन हातची जाऊ नये म्हणून घातलेली ही अट. पण शहरे वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी हीच अट चुकवून वतनदारांच्या वारसांकडून कवडीमोलाने कागद करून घेणारे दलालही वाढले. सातबारा वाचता येणारा मुलगा घरात असणे ही म्हणूनच आजही चळवळीची गरज आहे.

५

त्याच १९२८ सालातील आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्याबाबत आपल्या भाषणांतून एक चूक नेहमी होते. 'बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला' असे आपण म्हणतो. मुंबई कौन्सिलातील ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते. ते दुसऱ्या सभासदाचे होते. बाबासाहेब २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्याने त्या खर्चाचा भार उचलणे न्याय्य आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला.

खरी गोष्ट सांगितल्याने बाबासाहेब लहान होतात काय? माझ्या मते उलट आहे. विधेयक आपले नाही, श्रेय आपल्याला मिळणार नाही, विधेयकात अस्पृश्यांचा वेगळा उल्लेखही नाही. तरीही गिरणीत राबणाऱ्या बाईसाठी अभ्यास करून बोलावयाचे, ही लोकप्रतिनिधीची खरी परीक्षा आहे. भक्तीपोटी आपण जे खोटे सांगतो त्यामुळे आपले विरोधक हसतात, आणि जे खरे होते ते मात्र झाकले जाते.

याच काळात डॉ. सोळंकी यांच्या ठरावावरून अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली तिचा अहवाल आला. मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते व अधिकारी, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या या पुढच्या व्यवस्थेची मुळे त्या अहवालात आहेत. माझ्यासारखे जे घरातले पहिले पदवीधर आहेत, ते ज्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वाढले, त्या फॉर्मची वंशावळ दोन नियुक्त सभासदांपर्यंत जाऊन पोहोचते.

६

१९३५ च्या कायद्याने प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे आली. पुणे करारानंतरची ही पहिली निवडणूक. मुंबई असेंब्लीच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव, पण संयुक्त मतदारसंघात. बाबासाहेबांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, श्रम होता. कार्यक्रमात कूळ, शेतमजूर, गिरणी कामगार यांचे प्रश्न होते. भाऊराव गायकवाडांसारखे आपले कार्यकर्ते जसे या पक्षातर्फे निवडून आले, तसे शामराव परुळेकर आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण समाजातले कार्यकर्तेही निवडून आले. परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९४५ साली आमच्याच ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या उठावात गोदावरी परुळेकरांबरोबर उभे राहिले. पक्षाने लढविलेल्या सतरा जागांपैकी बहुतेक जिंकल्या.

बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभे केले? पाळवणकर बाळू यांना. बाळू हे आपल्यातलेच, चर्मकार समाजातले, हिंदुस्थानातील थोर गोलंदाज. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी आदर होता. मते पडली १३,२४५ विरुद्ध ११,२२५. दोन हजारांचे अंतर. एवढ्या मोठ्या माणसाचा विजय एवढ्या थोड्या मतांनी, यातच संयुक्त मतदारसंघाचे गणित आहे. आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी ठरत नाही. राखीव जागेवर आपला माणूस कोण असावा हे दुसरेच ठरवितात. आज महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आमच्या शेजारचा अंबरनाथ त्यांपैकी एक. त्या २९ जणांपैकी किती जणांना तिकीट देणाऱ्याकडे न पाहता बोलता येते, हा प्रश्न कोणा एका व्यक्तीवर टीका म्हणून मी विचारीत नाही. हा त्या जागेच्या रचनेचाच प्रश्न आहे.

७

१९३७ नंतरची दोन वर्षे बाबासाहेब विरोधी बाकांवर होते. बाळासाहेब खेर मुख्य मंत्री होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यात, आणि काही अंशी कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. कूळ जमीन कसणार, खोत खंड घेणार, आणि वर वेठबिगारही करवून घेणार. विधेयकात असे होते की, खोताला वाजवी भरपाई देऊन खोती बंद करावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचे हक्क द्यावेत.

हा प्रश्न एकट्या महारांचा नव्हता. कोकणातील कुळांत कुणबी बहुसंख्य होते. ज्या कुणब्याशी गावात पाण्यावरून आणि बलुत्यावरून संघर्ष, त्याच कुणब्यासाठी हे विधेयक होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी होते, महार होते. विधेयक मांडणारा सभासद आत होता आणि तोच मोर्च्याच्या पुढेही होता. सरकारने सहानुभूती दाखविली, विधेयक मात्र पुढे सरकू दिले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

दुसरी लढाई कामगारांची. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. तंटा झाला की आधी सक्तीची समेटाची प्रक्रिया. ती संपेपर्यंत संप बेकायदा. आणि बेकायदा संप केला तर तुरुंग. बाबासाहेबांनी सभागृहात या विधेयकाच्या मुळावरच बोट ठेवले. काम सोडणे हा फार तर करारभंग आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास तुरुंगाच्या भीतीने लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याने वतनाच्या विधेयकात महाराला 'नाही' म्हणण्याचा हक्क मागितला, तोच माणूस येथे गिरणी कामगारासाठी तोच हक्क मागत होता. जातीचा प्रश्न आणि श्रमाचा प्रश्न यांना जोडणारा धागा असा येथे स्पष्ट दिसतो. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र आले. विधेयक तरीही बहुमताने मंजूर झाले.

मोहन्यासारख्या गावात हे वाचताना मन अस्वस्थ होते. येथला रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद झाला. ज्या भोंग्यावर आमच्या वस्तीचे घड्याळ चालत असे तो थांबला, आणि कामगारांच्या देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने सर्वच उद्योगांत आगाऊ नोटिशीशिवाय संपाला बंदी घातली. १९३८ ची चर्चा ही जुनी चर्चा नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

१९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतिक सभागृहांतले काम जवळजवळ थांबले. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. एक प्रकरण संपले.

८

आता पुढच्या रांगेतल्या त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. आमदार होऊन उपयोग काय झाला?

हिशेब असा. वतनाचे विधेयक १९२८ साली आणले, मागे घ्यावे लागले. कायदा १९५८ साली झाला. खोतीचे विधेयक १९३७ साली आणले, अडविले गेले. कायदा १९४९ साली झाला. संपाच्या प्रश्नावर हरले. पण संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे हे सरकारी नोंदीत कायमचे लिहिले गेले. सभागृहात मांडला न गेलेला प्रश्न सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसतो. बलुत्यासाठी खळ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे दुःख हजार वर्षांचे होते. पण ते कायद्याच्या भाषेत, कलमे पाडून, सभागृहाच्या मेजावर आले ते १९२८ साली. त्यानंतर सरकारला ते नाकारता आले, लांबविता आले. पण 'असा काही प्रश्न आम्हाला माहीत नाही' असे म्हणता आले नाही.

आमदाराचे काम हे आहे. आज आपण त्याचे मोजमाप कशाने करतो? समाजमंदिर दिले, गल्लीत लाद्या बसविल्या, कमान उभारली, लग्नाला आणि मयताला आला. यातले काहीच वाईट नाही. परंतु लाद्या बसविणे हे नगरपालिकेचे काम आहे, आणि नळाला पाणी हा उपकार नाही. कायदेमंडळातल्या सभासदाच्या हातात निराळी हत्यारे असतात : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण, अशासकीय विधेयक. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणे कठीण झाले आहे, हे खरे. पण प्रश्न विचारण्यास किंवा अशासकीय विधेयक मांडण्यास तो कायदा मनाई करीत नाही. नियुक्त सभासद असूनही बाबासाहेब आठवडा व्हायच्या आत सरकारवर बोलले. निवडून आलेल्याला पाच वर्षांत एकदाही बोलता येत नसेल, तर दोष कायद्याला किती द्यावयाचा?

एक उदाहरण देतो. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अर्थसंकल्पात निधी ठेवण्याची योजना आहे. तो निधी दुसरीकडे वळविला जाऊ नये, अखर्चित राहू नये, म्हणून आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. हा विषय दारूचे दोन रुपये आणि शिक्षणाचे चौदा आणे यांच्या हिशेबाचाच पुढचा भाग आहे. आपल्या आमदाराने यावर किती प्रश्न विचारले, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

९

दोष एकट्या आमदाराचा नाही. बाबासाहेबांच्या मागे विधेयकाचा अर्थ समजून घेणारी गावे होती. ज्यांना मत नव्हते, अक्षर नव्हते, ती माणसे वतनाच्या कलमांवर सभा भरवीत होती. आमच्याकडे आज पदवीधरांची वाण नाही. मोहन्यात, आंबिवलीत, कल्याणात घरटी एक तरी शिकलेले पोर आहे. पण सभागृहाची कार्यवाही वाचणे हे काम कोणी आपले मानीत नाही.

म्हणून त्या सभेनंतर आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी मिळून एक साधे काम ठरविले. अधिवेशन संपले की आपल्या भागातल्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विषयावर बोलला, कोणत्या दिवशी गप्प बसला, याची यादी करावयाची आणि ती विहारात वाचून दाखवावयाची. शिव्या नाहीत, जयजयकार नाही, नुसती यादी. पहिल्या वाचनाला मोजून अकरा माणसे आली. त्यांत ते वृद्ध गृहस्थ होते. यादी लहान होती, लवकर संपली. ते म्हणाले, "मास्तर, आता आपण काय विचारायचं त्याची यादी करा."

ती यादी करणे चालू आहे. पहिल्या ओळीवर कारखान्याचा प्रश्न आहे, दुसरीवर शिष्यवृत्तीचा, तिसरीवर वतनजमिनीचा. ज्या गावात, ज्या वस्तीत हे वाचले जाईल तेथल्या कार्यकर्त्यांनी आपापली यादी करावी, आणि ती सभागृहात मांडण्याविषयी आपल्या आमदाराकडून निवडणुकीपूर्वी लेखी घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.